शिक्र्याची पिल्लं की पावशा?

प्रश्न : जूनच्या शेवटापासून आमच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबात तीन तपकिरी पक्षी बसतात. आकार पारव्याएवढा, डोळे पिवळे, छातीवर उभे तपकिरी थेंब. दिवसभर किंचाळतात. पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी म्हणावा, तर तो राखाडी दाखवला आहे. हे कोणते पक्षी?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : वर्णनावरून ही शिक्र्याचीच पिल्लं वाटतात. राखाडी पाठ आणि छातीवर तांबूस आडव्या रेषा हा प्रौढाचा वेश. पिल्लू पुढच्या वर्षी पिसं बदलेपर्यंत तपकिरीच राहतं. त्याच्या पांढुरक्या गळ्यावर मधोमध एक उभी गडद रेघ असते, ती तेवढी पाहून घ्या. छातीवरचे थेंब कुशीकडे जाताना आडवे होतात.

तरीही आधी पावशा नाही ना, याची खात्री करा. ‘पेरते व्हा’ ओरडणारा हा पक्षी रंगाने शिक्र्यासारखाच असतो आणि त्याच्या पिल्लाच्या छातीवरही तपकिरी ठिपके असतात. अशा वेळी रंग सोडून चोच आणि पाय बघायचे. शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली, पाय लांब, पिवळे, तीन बोटं पुढे. पावशाची चोच जवळपास सरळ, पाय आखूड, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून त्याच्या पिल्लाला सातभाई भरवतात. पण नुसते सातभाई दिसले म्हणून पावशा ठरवू नका. शिक्रा दिसला की तेही कलकलाट करत जमतात. सातभाईंच्या चोचीत चारा आहे का, ते बघा.

तिसा हा आणखी एक शिकारी पक्षी. तो ओळखताना नवशिके हमखास फसतात. प्रौढ तिशाचा डोळा पांढरा, पिल्लाचा मात्र तपकिरी. तिथे बसलेल्या पक्ष्याचे पंख पाहावेत : तिशाच्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकाजवळ पोचतात, शिक्र्याची शेपटी पंखांच्या बरीच खाली उरते. वयाप्रमाणे रंग बदलतो, ही ठेवण फारशी बदलत नाही. पऱ्हाटीवर एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी ही छोटी घार ओळखायला सोपी आहे. पिल्लाच्या पाठीवर फिकट कडांची खवल्यांसारखी नक्षी असते, पण खांद्याचा काळा डाग तेव्हाही दिसतो.

सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभे राहा. उजेड समोरून आला की सगळेच पक्षी काळे दिसतात. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. फोटो काढाल तर गळा, पाय आणि मिटलेले पंख यांचे वेगवेगळे काढा. आई-बाप ओरडत डोक्यावरून झेपावू लागले, तर लगेच मागे सरा. तुम्ही तिथे थांबलात तर ते भरवायला येत नाहीत.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर दूध-पोळी देऊ नका. जखम नसेल तर टोपलीत ठेवून, कुत्रं-मांजर पोचणार नाही अशा उंचीवर त्याच झाडाला बांधा आणि लांबून लक्ष ठेवा. पंख लोंबत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शिक्रा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित आहे. पिल्लू घरी पाळता येत नाही.