उशाशी ठेवलेला तांब्या

मी समुपदेशक, डिसेंबर लागला की एक फोन मला हमखास येतो. ४ तारखेला नौदल दिन, मग १६ ला विजय दिवस, टीव्हीवर ७१ चं युद्ध दाखवतात आणि कुठल्यातरी घरातले आजोबा ताटावरून उठून खोलीत जाऊन बसतात. मग मुलगा नाहीतर सून विचारते, मॅडम, एवढ्या वर्षांनी बाबांना अचानक काय झालं? अचानक काही होत नाही हो, ते होतंच, आता फक्त हात रिकामे झालेत.

म्हणून एका काकांची गोष्ट लिहिते, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

काका नौदलात सिक बर्थ अटेंडंट, आताच्या भाषेत मेडिकल असिस्टंट. युद्ध झालं तेव्हा वय २१, ड्यूटी हॉस्पिटलच्या वॉर्डात. पुढे पेन्शन घेऊन गावी आले आणि ३० वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर, अख्खं गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. सुनेची तक्रार वेगळीच होती. काका रात्री दोनला उठतात, घरातल्या प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतात, वर फुलपात्र पालथं. नातवाकडून एकदा लवंडला तर त्याच्यावर हात उगारला, जन्मात कधी न उगारलेला.

खरं सांगते, मला आधी हा वयाचा विक्षिप्तपणाच वाटला होता. पहिल्या तीन भेटीत काका बीपी आणि पेन्शन यापलीकडे गेले नाहीत. युद्धाचं विचारलं की म्हणायचे, "मी कुठे लढलो? मी पट्ट्या बांधल्या." (मेडिकलवाल्यांचं हे ठरलेलं वाक्य, त्यांना वाटतं दुःख करायचा हक्क बंदूकवाल्यांचा.)

चौथ्या वेळी मी युद्ध सोडलं आणि विचारलं, ड्यूटीवर गेलात की पहिलं काम काय? तर काका खुलले. बँडेज कसं गुंडाळायचं ते माझ्या ओढणीवर करून दाखवायला लागले, बोटं अजून तशीच चपळ, आणि मध्येच थांबले.

"एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. अंगावर ओरखडा नाही. पाण्यात असताना खाली स्फोट झाला की असंच होतं, बाहेरून काही दिसत नाही, आत आतडी फाटतात. ऑपरेशनला न्यायचा होता, तोंडाने थेंब द्यायचा नाही अशी ऑर्डर. तो पाणी मागत होता. मी ओल्या कापसाने ओठ पुसत राहिलो."

"मग?"

"पहाटे गेला. तहानलेला गेला. मी द्यायलाच हवं होतं."

आता "तुमची काही चूक नव्हती" हे इथे कुणीही म्हणेल, पण ते त्यांना ५० वर्षं माहीतच होतं की. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची (माणसाला छळतो तो 'असं व्हायलाच हवं' हा हट्ट, असं तो म्हणायचा), आणि माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की एलिसचं अर्धं शास्त्र मराठीत एका अक्षरात मावतं, 'च'. म्हटलं काका, तो च काढून म्हणा. कपाळाला आठ्या पडल्या, पण म्हणाले, "द्यायला हवं होतं." म्हटलं, हवं होतं, का वाटत होतं? बराच वेळ काही नाही, पंख्याचा आवाज तेवढा. मग हळूच, "द्यावंसं वाटत होतं."

"आणि तुमच्या दवाखान्यात नवीन पोराने अशा पेशंटला पाणी पाजलं असतं तर?"

"हात तोडले असते त्याचे!" ताडकन म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प झाले. मग रडले, आणि मीही रडू दिलं. त्यांनी नियम पाळला होता आणि पाळताना जीव तुटला होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढंच त्यांना कुणी म्हणू दिलं नव्हतं. म्हणणार तरी कोण, पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या यादीतच १९८० साली आलं, युद्ध संपून ९ वर्षं झाल्यावर.

तर घरच्यांसाठी. "किती माणसं मेली" विचारू नका, "विसरा आता" तर अजिबात नको. कामाबद्दल विचारा, हाताने काय करायचात ते विचारा, हात आधी बोलतात. टीव्ही बंद करायला धावू नका, त्यांनाच विचारा बघायचंय का. एखादी विचित्र सवय दिसली तर ती मोडायच्या आधी ती कुणासाठी चाललीये ते बघा, मी स्वतः इथेच चुकले होते. मात्र झोप पूर्ण उडाली, दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर माझ्यासारखीची वाट बघू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन रेफरल मागा, लाजायचं काही नाही त्यात.

परवा सुनेचा फोन होता. काका रात्री दोनला अजून उठतातच. पण तांब्या आता एकच भरतात, स्वतःच्या उशाशी, आणि सकाळी तो रिकामा असतो.