आई गेली, आणि मला जंगलात बरं वाटलं

ताई, माझं वय ५१. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, डिसेंबरात गेली. तिचं सगळं मीच केलं. आता घर शांत आहे, पण मला शांतता नाही. रात्री दोनला, चारला जाग येतेच. तिचा पलंग अजून हॉलमध्येच आहे. परवा भावाच्या कुटुंबाबरोबर माथेरानला गेले होते. सगळे झोपलेले असताना एकटीच जंगलातून तासभर चालून आले आणि कितीतरी वर्षांनी आतून गार वाटलं. परतताना करवंदांचा द्रोण घेतला आणि रडू फुटलं. आई जाऊन सहा महिनेही झाले नाहीत, मला बरं कसं वाटू शकतं? घरी आल्यावर तर तेही गेलं.
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचताना मी ‘दोनला, चारला’ या शब्दांवर थांबले. अंथरुणावरच्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माझ्या सासूबाईंचं मी केलंय, ते घड्याळ मला ठाऊक आहे. आई गेल्याचं तुमच्या मनाला कळलंय, कानांना अजून कळलेलं नाही.

चार वर्षं घरातला प्रत्येक आवाज तुम्हालाच हाक मारत होता. खोकला आला की उठायचं, कण्हणं आलं की उठायचं, काहीच ऐकू आलं नाही तर धावत जाऊन श्वास चालू आहे ना ते बघायचं. आता माथेरानची ती सकाळ आठवा. पाऊस जवळ आला की कस्तूर पक्षी शीळ घालू लागतो, थेट एखाद्या मुलानं वाटेवरून जाताना घालावी तशी. वाळक्या पाल्यात सरडा सरसरतो, फांद्यांवर माकडं धडपडतात. जंगल गप्प कुठे असतं? पण त्यातल्या एकाही आवाजाला तुमच्याकडून काही नको होतं. चार वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कानांना सुट्टी मिळाली. आणि खाली नेरळला अंगाची लाही होत असताना वर जांभूळ-अंजनीची सदाहरित सावली असते. ‘आतून गार’ वाटायच्या आधी अंगालाही ते गार लागलंच असणार.

राहिली बरं वाटल्याची टोचणी. आईला विसरला असतात, तर करवंदांपाशी रडू आलं नसतं. बरं वाटणं आणि रडणं एकाच सकाळी झालं, आणि दोन्ही खरं होतं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पहिला द्रोण आईसाठी घ्यायला हात गेला असेल, असं मला वाटतं.

घरी ते टिकलं नाही, कारण घरात तो पलंग आहे. तो गरजू कुटुंबाला देऊन टाका. शेजारी, फॅमिली डॉक्टर, कुणालाही विचारा, घेणारं लगेच मिळेल. आईची शाल ठेवा, पलंग नको. आणि झोपेबद्दल डॉक्टरांशी बोलाच, सहा महिने थोडे नाहीत. रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा नंबर आहे. फोन विनामूल्य आहे आणि रात्रीही उचलतात.

पण मुख्य म्हणजे, पुन्हा जा. पाऊस सुरू व्हायच्या आत, एखाद्या आडवारी. पहाटेची कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सी, आणि दस्तुरी नाक्याला उतरलात की पुढे आपल्या गाड्या जातच नाहीत. घरी सांगून जा, मळलेली वाट सोडू नका, पाणी घ्या. फोन पिशवीत, कानात काही नको, किती पावलं झाली ते मोजू नका. एखाद्या झाडाखाली वीसेक मिनिटं नुसतं बसा. आपण आलो की पाखरं गप्प होतात, आपण हललो नाही की हळूहळू पुन्हा बोलू लागतात. ती बोलू लागेपर्यंत बसा. मागच्यासारखं गार वाटेलच असं नाही. नाही वाटलं तर नाही, तेवढं चालणं तर झालं.

येताना बाजारपेठेत करवंदवाली दिसली तर द्रोण घ्या. लहानपणी आईबरोबर नक्की खेळला असाल. एकेक करवंद दातांनी फोडा, कोंबडा निघतो की कोंबडी ते बघा, आणि मला कळवा.

तुमची,
ताई