‘सायलो’ला मराठीत काय म्हणावे?

‘आमच्या कंपनीत प्रत्येक विभाग सायलोमध्ये काम करतो’ या वाक्यातल्या ‘सायलो’ला ‘कणगी’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. सायलो म्हणजे मुळात धान्याचे कोठार, आणि या वाक्यात इतरांपासून तुटून आपल्यापुरते काम करणे. धान्याच्या अर्थी तो शब्द बरोबर आहे, मात्र कणगी म्हटली की भरलेले घर डोळ्यांसमोर येते, कारभारातला बिघाड नव्हे. मुळाशी जुळणारा शब्द खरे तर ‘पेव’ आहे, कारण स्पॅनिशमधून आलेला ‘सायलो’ आधी जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यालाच म्हणत. बंद पेवात साचलेल्या हवेने आत उतरणारा गुदमरतो, ही बाबही इथे चपखल बसली असती. पण ‘पेव फुटणे’मुळे हा शब्द सुळसुळाटाशी इतका जोडला गेला आहे की नवा अर्थ त्यावर चढणे अवघड आहे.

मराठीत ‘सवतासुभा’ हा अस्सल शब्द आहेच. त्यात मात्र हेतू गृहीत असतो, कारण सवतासुभा कोणीतरी जाणूनबुजून मांडतो. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या फिल एन्सर यांनी १९८८ साली कंपन्यांतल्या ज्या दोषाला सायलोचे नाव दिले, त्यात माणसे बहुधा नकळत अडकलेली असतात. उदाहरणार्थ, जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या काही मोटारींत किल्लीला धक्का लागला की स्विच फिरून इंजिन बंद पडे. तक्रारी हाताळणाऱ्या अभियंत्यांनी ती ग्राहकांची गैरसोय मानली. स्विच फिरल्यावर एअरबॅगही निकामी होते, हा दुवा त्यांच्या लक्षात आला नाही. पुढे २००६ साली तो स्विच सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक जुनाच राहिला, त्यामुळे अपघातांचा तपास करणाऱ्यांना जुन्या-नव्या मोटारींतल्या फरकाचे कारण वर्षानुवर्षे सापडेना. अखेर २०१४ साली सुमारे २६ लाख मोटारी परत मागवाव्या लागल्या आणि १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. प्रत्येकाला फक्त आपापला तुकडा ठाऊक होता, म्हणून या साऱ्याला सवतासुभा म्हटले तर दोष चुकीच्या जागी जाईल.

म्हणून मी ‘कप्पेबंद’ सुचवेन: ‘आमच्या कंपनीतले विभाग कप्पेबंद आहेत.’ एखादा विभागप्रमुख माहिती मुद्दाम दाबून ठेवत असेल, तेव्हा मात्र ‘सवतासुभा’च वापरावा, तिथे ‘कप्पेबंद’ म्हणणे म्हणजे त्याला उगाच पाठीशी घालणे होईल.