सुगी सरल्यावर एक दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीचा फराळ संपून भाताची मळणी आवरत आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घरच्या माणसांना एकत्र कसे आणावे, हा एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी बोलू लागतो. या अंकासाठी पाच पत्रे निवडली आहेत. सर्व पत्रे बेळगाव जिल्ह्यातीलच असून नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात आहे. दोन दीर पुण्याला, एक बेंगळूरला आणि नणंद मडगावला असते. दिवाळीत सगळे येतात, पण चार दिवस पाहुण्यांच्या घरी जाण्यात आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये जातो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या रविवारी शेतावरच सर्वांनी जमावे असे ठरले आहे. चार वर्षांच्या नातीपासून एक्क्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांपर्यंत बावीस माणसे होतील. दिवसभर काय करावे, हे सुचवावे.

उत्तर : सर्वप्रथम वेळ ठरवा, कारण आपल्याकडे निम्मे बेत वेळेपायी फसतात. बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि खानापूरकडे रानाचा गारवा त्यात भर घालतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळला की तासाभरात दव पडू लागते. म्हणून सकाळी दहाला जमून साडेचारपर्यंत सासऱ्यांना घरी पोहोचवावे. तरुणांना मागे थांबून शेकोटीभोवती बसायचे असेल तर त्यांनी खुशाल बसावे. ‘संध्याकाळी निवांत जमू’ असा बेत पुण्याच्या घरात कदाचित चालेल, पण उघड्या खळ्यावर वृद्ध माणसाला तो मानवणार नाही.

जेवणाचा विचार करताना, ज्या वस्तू शेतावरच शिजतात त्यांच्यापासून सुरुवात करावी. बेळगाव आणि खानापूर या दोन्ही तालुक्यांत रताळी मुबलक पिकतात. शेतावरच्या दिवसासाठी त्याहून सोयीचे खाणे मला माहीत नाही, कारण त्यात स्वयंपाक करणारा आणि वाट पाहणारा असा भेद उरत नाही. मात्र त्याच दिवशी काढलेली रताळी घेऊ नयेत; काढून आठ-दहा दिवस सावलीत ठेवलेली अधिक गोड लागतात. लाकडे पुरती जळून निखारे पडेपर्यंत धीर धरावा, मग निखारे बाजूला सारून गरम राखेत रताळी पुरावीत आणि वरून थोडेच निखारे पसरावेत. ज्वाळेवर टाकलेले रताळे बाहेरून कोळसा होते आणि आत कच्चे राहते. मंद आचेत मात्र आतल्या पिष्टाची साखर होत जाते आणि अर्ध्या-पाऊण तासाने सालीला जेथे भेग पडते तेथे काळसर, चिकट पाकाचा थेंब दिसू लागतो. तो दिसला की काडी टोचून पाहण्याचीही गरज उरत नाही. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली द्यावे. शेकोटी गवताच्या गंजीपासून लांब, वारा गंजीकडून जिकडे वाहतो त्या बाजूला असावी आणि पाण्याच्या दोन घागरी शेजारी भरून ठेवाव्यात.

खेळांत विटीदांडू अवश्य ठेवा, आणि तो शिकवण्याचे काम दिरांना द्या. विटी मारल्यावर अंतर मोजताना आपण लहानपणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे जे म्हणत असू (गावागणिक उच्चार थोडे बदलतात), ते द्राविडी भाषांतले आकडे आहेत. तुमची बेंगळूरची पुतवंडे शाळेत कन्नड शिकत असतील तर मूंडमधला ‘मूरु’ आणि नालमधला ‘नाल्कु’ ती चटकन ओळखतील, आणि ज्या मुलांना गावाकडे आले की मुकाट बसावेसे वाटते तीच मुले क्षणभर तुमचे शिक्षक होतील. लहानग्यांना मात्र विटीच्या टप्प्याबाहेर बसवावे. डोळ्याला लागलेली विटी सगळा दिवस झाकोळून टाकते. त्यांच्यासाठी लगोरी बरी.

सासऱ्यांना खुर्चीत मान देऊन बसवले की त्यांचा दिवस संपला, असे समजावे. त्यांच्याशेजारी एका नातवाला वही देऊन बसवा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. त्यांची शाळा, गुरुजी, बाजारचा दिवस, बैलगाडीचा रस्ता, कोणत्या शेताला कोणत्या नावाने ओळखत, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घेण्यासारखे आहे. शेतांची नावे तर त्या-त्या बांधावर चालत जाऊनच लिहावीत, कारण ती कागदोपत्री बहुधा सापडत नाहीत. सासऱ्यांना चालवत नसेल तर त्यांनी बोटाने दाखवावे आणि मुलांनी धावावे.

प्रश्न : ‘सगळे जमले की किती बरे वाटते’ असे आमच्याकडे सर्वजण म्हणतात. पण सगळे जमतात म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई पहाटे पाचपासून चुलीपुढे असतो. पुरुषमंडळी आणि मुले गप्पा मारतात, आणि आम्हाला ‘तुम्हीही या ना बसायला’ असा आग्रह करतात. यंदा मी स्पष्ट नकार द्यावा का? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : नकार देऊ नका, कामांची यादी द्या. नकाराने चार दिवस अबोला होईल आणि पाचव्या दिवशी पुन्हा तुम्हीच पातेले चढवाल.

एक वर्ष याच कारणासाठी मी स्वतः आचाऱ्याकडून सगळे जेवण मागवले होते. बाराला यायचे जेवण तीनला आले. तोवर मुलांनी बिस्किटांवर पोट भरले होते आणि मामा चिडून निघून गेले होते. पण जेवण उशिरा आले यापेक्षा मला अधिक खटकले ते हे, की त्या तीन तासांत कोणालाही काही काम नव्हते आणि म्हणून कोणी कोणाशी धड बोललेही नाही. मटार सोलताना, खोबरे खोवताना, पत्रावळी पुसताना माणसे जी बोलतात ती सोफ्यावर बसून बोलत नाहीत.

तेव्हा जमण्याच्या आठवडाभर आधी जाऊबाईंसह बसून कामे वाटा, आणि माणसागणिक एकच, नेमके काम द्या. ‘जरा मदत करा’ असे म्हटले की कोणी उठत नाही. पण ‘भावोजी, भाकरीचे पीठ दळून आणणे आणि परातीजवळ पाणी ठेवणे तुमच्याकडे’ असे म्हटले की उठावेच लागते. पदार्थही कमी करावेत. भाकरी, भरली वांगी, खर्डा, दही, भात, आमटी आणि कुंदा एवढ्यावर कोणी उपाशी उठत नाही. कुंदा तर बेळगावात बाजारातून आणलेला कमी प्रतीचा मानायची गरजच नाही. तो शेजारच्या गल्लीतून आणला म्हणून कोणी सुगरणपणावर बोट ठेवणार नाही. भांडी घासायचे काम मात्र स्त्रियांच्या नावावर लिहू नका, एवढे एका वर्षासाठी करून पाहा.

प्रश्न : मुलाचे लग्न यंदाच बैलहोंगलकडच्या कन्नड घरात झाले. व्याह्यांनी आम्हाला एळ्ळ अमावस्येला शेतावर बोलावले आहे. आम्ही निपाणीकडचे; आमच्याकडे ही अमावस्या फारशी होत नाही. तेथे काय असते, आणि आम्ही काय घेऊन जावे? (निपाणी)

उत्तर : ही मार्गशीर्षातली अमावस्या असून ती कधी डिसेंबरात, तर कधी जानेवारीच्या सुरुवातीला येते. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. काळ्या जमिनीत या वेळी जोंधळा आणि हरभरा उभा असतो, आणि त्या उभ्या पिकात जाऊन भूमीला नैवेद्य दाखवायचा, असे सणाचे स्वरूप आहे. शेतात दगड मांडून ते पांडव म्हणून पुजतात आणि नैवेद्याचे अन्न शेतात चहूकडे शिंपतात. यालाच ‘चरग’ म्हणतात. नंतर सर्वांनी बांधावर पंगत करायची. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कडबू, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असे जेवण असते, आणि आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय परत जाऊ देत नाहीत.

हा सण केवळ ‘त्यांचा’ आहे असे मानून संकोचाने जाऊ नका. लातूर-धाराशिवकडचे मराठी शेतकरी हाच दिवस वेळ अमावस्या म्हणून मोठ्या थाटात करतात, आणि शेतात फिरताना ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ अशी जी हाळी देतात ती ऐकून तुमच्या विहीणबाई हसतील, कारण तिचे वळण कन्नडच आहे. ती हाळी तुम्ही आधीच पाठ करून जावी, असे मी सुचवेन.

नेण्याविषयी म्हणाल, तर भरजरी साडी आणि मिठाईचे खोके यांपेक्षा आपल्या घरचा एक पदार्थ न्यावा. मांडे जमत असतील तर त्यांना तोड नाही, पण प्रवासात ते चुरतात, म्हणून घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात कागद घालून ठेवावेत. ते न जमल्यास घरच्या तिळाच्या वड्या त्या दिवसाच्या नावालाही शोभतील. भाषेची फार काळजी करू नका. ‘ऊट आयता?’ (जेवण झाले?) एवढे आणि नात्याचे शब्द आले तरी निभते, आपण व्याही म्हणतो त्यांना तिकडे बीगरु म्हणतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. सूनबाईंना दिवसभर दुभाषी करून ठेवू नये. माहेरच्या शेतावर आलेली मुलगी आहे ती. तिला तिच्या बहिणींबरोबर हरभऱ्याचे डहाळे खात हिंडू द्यावे.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात आणि मुले आठ-दहा वर्षांची आहेत. बेळगावहून एका दिवसात, फार न चालता कोठे जाता येईल? (टिळकवाडी)

उत्तर : हलशीला जा. गोव्याच्या कदंब राजांचे हे एके काळचे महत्त्वाचे ठिकाण असून तेथील भूवराह नरसिंहाचे बाराव्या शतकातले मंदिर गावातच आहे, त्यामुळे आईंना चढ चढावा लागणार नाही आणि मुलांना गाभाऱ्यातला वराह दीर्घकाळ आठवेल. परतताना खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी असोगा येथे डबे सोडावेत. पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नये. हिवाळ्यात नदी शांत दिसते आणि डोहाची खोली कळत नाही. गोकाकचा धबधबा पावसाळ्यासाठी राखून ठेवा. राजहंसगडावर वारा बोचतो, तेव्हा गेलात तर कानटोप्या विसरू नका. बाहेरगावचे पाहुणे बरोबर राहणार असतील तर आणखी एक सूचना : कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते, आणि त्या दिवसांत लॉजच्या खोल्या मिळणे कठीण होते. तारखा पाहूनच पाहुण्यांना बोलवा.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. तुळशीचे लग्न द्वादशीलाच करायचे तर मुलांची शाळा आणि आमची कचेरी आडवी येते. काय करावे? (चिकोडी)

उत्तर : कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न केव्हाही लावतात, त्यामुळे या दिवसांत बहुधा एखादा शनिवार किंवा रविवार सापडतोच. गच्ची किंवा जिन्याखालची मोकळी जागा पाहून सर्व बिऱ्हाडांनी मिळून एकच लग्न लावावे. ऊस, चिंचा, आवळे एका घराने, चुरमुरे आणि फुटाणे दुसऱ्याने, मंगलाष्टके ज्यांचा आवाज खणखणीत आहे त्यांनी. अंतरपाट धरायला इमारतीतली सर्वांत लहान दोन मुले घ्यावीत. त्यांचे हात खाली येतील, तुळस आणि बाळकृष्ण मुहूर्ताआधीच एकमेकांना दिसतील आणि त्यावर थोडा वाद होईल. तो होऊ द्यावा. अक्षतांसाठी तांदूळ जरा जास्तच काढून ठेवा, कारण मुले निम्म्या अक्षता एकमेकांवर टाकतात.