वाचकांचे प्रश्न : फिशटँकसाठी खरोखर काय लागते?

प्रश्न : आम्हाला घरी दोन फूट लांबीची फिशटँक ठेवायची आहे. दुकानदाराने टँकबरोबर एअर पंप, दिवा, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे, मागच्या काचेला लावायचे चित्र आणि औषधाच्या तीन बाटल्या असा संच सुचवला आहे. यांतील कोणत्या वस्तू आवश्यक आहेत, आणि नंतरच्या देखभालीसाठी आणखी काय घ्यावे लागेल? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्याला सुचवलेल्या संचात शोभेच्या वस्तू भरपूर आहेत, पाण्याची निगा राखणारे मात्र जवळजवळ काहीच नाही. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच विष्ठा टाकतात. त्यातून तयार होणारा अमोनिया त्यांच्यासाठी विषारी असतो, त्यामुळे खर्चाचा पहिला हक्क फिल्टरचा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये खडे घालून आणि वरची थोडी जागा सोडून सुमारे 50 लिटर पाणी मावते. ताशी 200 ते 250 लिटर पाणी फिरवणारा फिल्टर तिला पुरतो. एअर पंप घ्यायचाच असेल, तर त्याच्या नळीला स्पंज फिल्टर जोडावा. कमी खर्चात दोन्ही कामे होतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल, तर नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवावा. तो नसेल, तर वीज गेल्यावर टँकमधले पाणी नळीवाटे उलटे येऊन पंपात शिरू शकते.

पाणी, खडे आणि काच धरून या टँकचे वजन सुमारे 70 किलो होते. त्यामुळे टीपॉय किंवा टीव्हीचे हलके कपाट चालणार नाही. भक्कम, समपातळीतले स्टँड घ्यावे आणि टँकखाली थर्माकोलचा तक्ता अंथरावा.

हीटर संचात नाही, पण पुण्यात तो हवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरते, आणि गप्पी, टेट्रा, एंजल यांसारख्या उष्ण प्रदेशातील माशांना 24 ते 27 अंशांचे पाणी मानवते. दर लिटरला एक वॉट या हिशोबाने 50 वॉटचा, तापमान ठरवता येणारा हीटर पुरेसा आहे. हीटरवरच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळा थर्मामीटर लावावा. पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, कारण गरम हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते. प्रत्येक वायर प्लगकडे नेण्यापूर्वी खाली झोळासारखी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता खालीच ठिबकेल.

रंगीत खडे घेण्यापूर्वी त्यांच्यावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्या खड्यांत चुना आहे आणि तो पाणी हळूहळू कठीण करत राहील. दिव्याला साधा टायमर लावून तो दिवसाला सात-आठ तासच चालू ठेवावा, नाहीतर काचा शेवाळाने हिरव्या होतात. झाडे आणि चित्र हा आपल्या आवडीचा भाग आहे. औषधाच्या बाटल्यांपैकी अँटी-क्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे औषध, तेवढी घ्यावी. इतर औषधे रोग ओळखल्याशिवाय टाकू नयेत.

देखभालीसाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एका टोकाला रुंद नळकांडे असलेला सायफन. हे नळकांडे खड्यांत खुपसले की खडे आतल्या आत उसळतात, त्यांच्यात अडकलेला तपकिरी गाळ नळीवाटे बादलीत जातो आणि जड खडे पुन्हा खाली बसतात. मग नळकांडे उचलून शेजारच्या जागी खुपसायचे. आठवड्यातून एकदा अशा रीतीने दहा-बारा लिटर पाणी काढून तितकेच ताजे भरले, की मोठी सफाई करण्याची वेळ सहसा येत नाही. यासाठी दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांना साबण कधीही लागू देऊ नये. मऊ जाळी आणि काच घासायचा स्पंज एवढे आणखी घेतले की सामान पुरे झाले.

प्रश्न : माझ्या टँकमधील मासे आठ-दहा दिवसांत मरतात. प्रत्येक वेळी मी सगळे पाणी बदलते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुते, तरीही नवे मासे टिकत नाहीत. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते. त्यामुळे असे होत असेल का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : आपण मनापासून करत असलेली स्वच्छताच येथे नडत असण्याची शक्यता अधिक आहे. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारतो. सगळे धुऊन काढल्यावर टँक पुन्हा पहिल्या दिवसासारखी कोरी होते, आणि जिवाणूंची नवी वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नवे मासे अमोनियातच राहतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत पिळावा. पाणी चहासारखे गढूळ झाले की पुरे. स्पंज पांढराशुभ्र करण्याचा आग्रह धरू नये.

आपल्याला खरी गरज आहे ती पाणी तपासण्याच्या संचाची. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच घ्यावा, कारण बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाची तपासणीच नसते. आता नवे मासे न आणता, फिल्टर चालू ठेवून, टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि आठवड्यातून दोनदा पाणी तपासावे. खाद्य कुजून अमोनिया वाढेल, मग नायट्राइट वाढेल, आणि नंतर खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्यावर येऊन तसेच राहतील. तेव्हा थोडे पाणी बदलून दोन-तीनच मासे सोडावेत. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधील वापरता स्पंज मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो.

टँकरच्या पाण्याबद्दलची आपली शंकाही योग्य आहे. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते, तर बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण असते, आणि टँकर कोठे भरला हे आपल्याला कळत नाही. म्हणून कठीणपणा मोजणारा संचही जवळ असावा. गप्पी आणि मोली कठीण पाण्यात चांगले राहतात, निऑन टेट्राला मात्र ते मानवत नाही. महापालिकेने गुरुवारी पाणी बंद ठेवले असेल, तर शुक्रवारी उशिरा येणारे गढूळ पाणी टँकमध्ये भरू नये. पाणी बदलणे एक-दोन दिवस पुढे गेल्याने बिघडत नाही. टँकरचे पाणी वापरावेच लागले, तर त्यात अँटी-क्लोरीन घालून, तापमान जुळवून, एका वेळी पाच-सहा लिटरच आणि दोन दिवसांच्या अंतराने भरावे.