घाटातली ॲक्टिव्हा, दोन टायर आणि २,७५६ रुपयांचा हप्ता

चिपळूणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची २०१७ ची ॲक्टिव्हा ४६,००० किलोमीटर चालली आहे. गेलं दीड वर्ष त्या रोज परशुराम घाट चढून लोटे एमआयडीसीत नोकरीला जातात, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. नोकरी कंत्राटी, हातात २४,००० येतात. मागचा टायर गुळगुळीत झालाय, पुढच्याला थोडी नक्षी शिल्लक आहे. टायरवाल्याने चांगल्या कंपनीचा टायर १,४५० ला सांगितला, फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा ९५० ला आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, ६०० ला. फिटिंग आणि नवा वॉल्व्ह मिळून चाकामागे १०० वेगळे. मैत्रीण म्हणते, दोन्ही चांगले टाक आणि कार्डावर तीन हप्ते कर. घरच्यांचं म्हणणं, जुन्या गाडीत पैसे कशाला घालायचे? शोरूमवाला तिचे १८,००० देतोय, उरलेल्या ८०,००० चं कर्ज काढून नवीच घेऊ. ताईंना स्वतःला वाटतं, सध्या मागचा एकच, ९५० वाला टाकावा. अडीअडचणीसाठी बाजूला १५,००० आहेत आणि महिन्याला १,५०० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) चालू आहे.

ताई, तुम्ही खर्चाची वही ठेवता हे वाचून बरं वाटलं, कारण उत्तर तिच्यातच आहे. पहिला मागचा टायर, चांगल्या कंपनीचा, १८,००० किलोमीटर चालला. दुसरा स्वस्तातला घेतलात, तो ११,००० वर संपला. आताचा तिसरा परत चांगल्या कंपनीचा, त्याचे १७,००० झाले. फिटिंग धरून चांगला टायर १,५५० ला पडतो. १७,००० ने भागा, किलोमीटरला ९.१ पैसे. स्वस्तातला १,०५० भागिले ११,०००, म्हणजे ९.५ पैसे. स्वस्तातलाच महाग पडला, आणि तोही गावात चालवून. घाटात तो इतका टिकला असता का, शंका आहे.

अर्थात हा फरक अर्ध्या पैशाचाही नाही. तुमच्या हिशेबात पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज ४५ चं आहे, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३१ पैसे नुसते पेट्रोलचे. त्यापुढे टायर म्हणजे फोडणीतलं हिंग. टायरची निवड पैशावर अडलेलीच नाही. ती ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर काय होतं यावर करायची आहे. मृग तोंडावर आलाय आणि तुमचा रस्ता कुठला आहे ते तुम्हाला सांगायला नको.

रिमोल्डचं एका वाक्यात उरकतो: नको. दहा इंची चाक किलोमीटरला सातशेहून जास्त फेरे घेतं, घाट उतरताना ते चांगलंच तापतं, आणि वरून चिकटवलेल्या रबराची परीक्षा तिथे घ्यायची गरज नाही.

पुढच्या टायरचं मात्र थांबून बघू. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं झालं. नक्षीच्या खाचेत जी बारीक उंच पट्टी असते, तिच्या पातळीला आला की टायर संपला समजायचं. तुमचा अजून तिथे आलेला नाही. पण बाजूच्या शिक्क्यात शेवटचे चार आकडे २८२० आहेत, म्हणजे हा टायर २०२० सालच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात तयार झालेला. त्याच्या कडेला भेगांची जाळीही दिसतेय. रबर नक्षीने झिजतं तसं वयानेही कडक होतं. माझ्या वडिलांच्या चेतकला स्टेपनी असायची आणि ते दर काही महिन्यांनी तिन्ही चाकं आलटून-पालटून लावायचे. एका टायरवर सगळा भार नको म्हणून. तुमच्याही गाडीला पुढे-मागे एकच माप आहे, ९०/१००-१०, त्यामुळे गॅरेजवाला ‘पुढचा मागे टाकू, पुढे नवा घालू’ असं सुचवेल. टायर दोन वर्षांचा असता तर मी हो म्हटलं असतं. हा नाही. दोन्ही बदला.

खर्च ३,१००. तुमच्या मनातल्या पर्यायापेक्षा २,०५० रुपये जास्त.

आता या २,०५० च्या पलीकडे काय आहे ते बघा. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरेल. तुम्ही घसरून पडलात तर गाडीच्या दुरुस्तीला एक रुपया देणार नाही. त्याच्यासोबत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे, पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. मनगटाच्या प्लॅस्टरसाठी नाही. पगार वाढल्यावर ईएसआयही, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटलं असं तुम्हीच लिहिलंय. कंत्राटावर भरपगारी रजा नाही, महिन्याचे २६ दिवस धरले तर एक खाडा ९२३ रुपयांना पडतो. तीन आठवडे घरी बसलात तर साडेसोळा हजार बुडाले, दवाखाना वेगळा. तुमचे बाजूला ठेवलेले १५,००० तिथेच संपतात. नवे टायर म्हणजे पडणारच नाही असं कोणी म्हणत नाही. पण तुमचा पगार या दोन चाकांवरून येतो.

कार्डावरचे हप्ते नकोत. ‘नो कॉस्ट’ म्हणत असले तरी प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३५ रुपये. ३,१०० वर तीन महिन्यांसाठी साडेसात टक्के झाले की हे! पैसे त्या १५,००० मधूनच काढा. एसआयपीला हात लावू नका आणि पुढच्या चार महिन्यांत ही रक्कम परत भरा.

नव्या गाडीबद्दल घरच्यांशी वाद घालू नका, हा हिशेब दाखवा. शोरूमने सांगितलेला ‘आठ टक्के फ्लॅट’ दर म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण ८०,००० वर व्याज, जरी मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी. व्याज १९,२००, हप्ता २,७५६. बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने, घटत्या शिलकीवर मोजला तर हाच दर साडेचौदाच्या घरात जातो. बँकेने ११ टक्क्यांनी कर्ज दिलं तर हप्ता २,६२० च्या आसपास येईल. जुन्या गाडीवर गेल्या वर्षी सर्व्हिसिंग, बेल्ट, बॅटरी मिळून तुमचे ७,४०० गेले, महिन्याला ६१७. नवी गाडी पन्नासचं ॲव्हरेज देईल असं धरलं तर पेट्रोलचे २३० वाचतील. नव्या गाडीला दुरुस्तीचा एक पैसाही लागणार नाही असं मानलं, जे खोटं आहे, तरी वाचले ८४७. हप्ता २,७५६.

ही गाडी कधी काढायची तेही सांगतो. वर्षाची दुरुस्ती पंधरा हजारांवर गेली किंवा इंजिन खोलायची वेळ आली, तर विचार करा. आणि कोकणात त्याआधी बघायचा तो गंज. पावसाळा संपला की गाडी उचलायला लावून खालून चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघून घ्या. चेसी खाल्ली गेली असेल तर नव्या टायरचा मोह धरू नका, गाडी द्या.

तोवर गाडीचा एक वेगळा डबा करा. सर्व्हिसिंगचे ६१७, टायरचे महिन्याच्या हजार किलोमीटरला १४० च्या आसपास, विम्याचे शंभरेक. मी ९०० धरीन. पगाराच्या दिवशी बाजूला टाका. पहिले चार महिने त्यातूनच ३,१०० ची भरपाई होईल. तेवढ्या काळात सर्व्हिसिंग आली तर थोडी ओढाताण होईल, पण निभेल.

दुकानात पक्कं बिल मागा. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय; जुनी छापील किंमत दाखवून कोणी भाव लावत असेल तर बिलात ते दिसतं, आणि टायरमध्ये मुळातच दोष निघाला तर बदलून मागायलाही बिलच लागतं. शिक्क्यातले चार आकडे फिटिंगच्या आधी वाचा, नंतर नव्हे. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, तेव्हा हे काम सुट्टीच्या आदल्या दिवशी करा आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गावातल्या गावात, सावकाश काढा. परशुरामची वळणं त्यानंतर.