यादी देऊ नका

प्रश्न : आमच्या शाळेत ‘बालकल्याण आणि गुन्हेगारी’ या विषयावर जाहीर चर्चासत्र झालं. एका वक्त्यांनी सुचवलं की हाताबाहेर चाललेल्या मुलांना एक दिवस तुरुंग दाखवावा, कैद्यांच्याच तोंडून चार शब्द ऐकवावेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी मागितली आहे. द्यावी का?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, देऊ नका.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांनीच ती राबवली. पोरांना आत न्यायचं, अंगावर ओरडायचं, आतल्या मारहाणीची वर्णनं ऐकवायची. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि ठिकठिकाणी नकला सुरू झाल्या. संशोधकांनी मात्र टाळ्या वाजवण्याआधी तपासून पाहिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे दोन गट पाडले, एक तुरुंगात नेला, दुसरा नेला नाही, आणि पुढे कोण पुन्हा गुन्ह्यात सापडतं ते पाहत राहिले. अशा नऊ प्रयोगांचा एकत्रित हिशेब अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी मांडला. तुरुंग पाहून आलेल्यांमध्येच पुढे गुन्ह्यांचं प्रमाण जास्त निघालं.

असं का व्हावं? माझा अंदाज माझ्या कामातून आलेला आहे. मी बरीच वर्षं विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपात सापडलेल्या मुलांची समुपदेशक होते. अशा एका भेटीहून परतताना गाडीत मागच्या बाकावर एक पोरगा त्या दांडगट कैद्याची हुबेहूब नक्कल करत होता. मान तिरकी, आवाज खर्जात. बाकीचे हसून लोळत होते आणि ‘पुन्हा कर, पुन्हा कर’ म्हणत होते. आत रडवेला झालेला तोच पोरगा तासाभरात टोळीचा हिरो झाला होता. आणि तुमच्या यादीचं म्हणाल, तर ‘वाया जाणारे’ म्हणून ज्यांची नावं लिहाल, त्यांना ती यादी बाहेर पडायच्या आधी कळलेली असते.

प्रेमळ उपक्रमही उलटू शकतात, हेही मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात असाच एक उपक्रम चालला. ५०६ मुलगे, सारख्या परिस्थितीतल्या दोघादोघांच्या जोड्या, नाणं उडवून त्यातल्या एकाला मदत : घरभेटी, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी ती मुलं शोधून काढली. मोठ्या झालेल्या त्या पुरुषांपैकी बहुतेकांनी उपक्रमाचे गोडवे गायले. नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. मदत मिळालेल्यांत दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, पुन्हापुन्हा गुन्हे आणि अकाली मृत्यू जोडीतल्या मदत न मिळालेल्यांपेक्षा जास्त होते. सर्वांत वाईट गत वारंवार शिबिराला गेलेल्यांची झाली. बिघडू पाहणारी मुलं एकत्र कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात, असा त्यातून अर्थ काढला गेला, आणि मला तो पटतो.

म्हणून पुढच्या चर्चासत्रात कुणी ‘आमच्याकडची इतकी मुलं सुधारली’ म्हणालं, तर उभं राहून विचारा : ज्यांच्यासाठी काहीच केलं नाही, त्यांतली किती सुधारली?

प्रश्न : एका व्याख्यानात लहानपणच्या आघातांबद्दल दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. माझी बेरीज सहा आली. वक्ते म्हणाले, चारच्या पुढे धोका. वडिलांचा पट्टा मला अजून आठवतो. मला चार वर्षांचा मुलगा आहे. मीही तसाच निघेन का?
— एक बाप

उत्तर : अहो, त्या कागदावरून हे कळत नाही. तो फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या सॅन दिएगोतल्या अभ्यासातून आला. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, विषय होता प्रौढांचं आरोग्य. हजारो माणसांच्या समूहाबद्दल तो खरं सांगतो. एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून काढू नका, असं पुढे २०२० साली खुद्द अँडा यांनीच लिहिलं. एकदा बसलेला मार आणि रोजचा मार, दोन्हींचा तिथे एकच गुण. तुम्हाला जवळ घेणारी आजी किंवा मावशी होती का, हे तर तो कागद विचारतच नाही.

मार खाल्लेला मारतोच, हेही खरं नाही. संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी छळ किंवा हेळसांड सोसलेली मुलं आणि त्याच वयाची, तशाच वस्तीतली इतर मुलं यांची तुलना १९८९ साली मांडली. अल्पवयात अटक झालेले पहिल्या गटात सुमारे २६ टक्के, दुसऱ्यात १७. फरक आहे, तो झाकायचं कारण नाही. पण पहिल्या गटातल्या चारातल्या जवळजवळ तिघांना अल्पवयात अटक झालीच नाही. हात उचलावासा वाटला तर मुलाला सुरक्षित ठेवून खोलीबाहेर पडा. असं वारंवार होत असेल तर समुपदेशकाकडे जा. आणि बेरीज घेऊन घरी पाठवणाऱ्या वक्त्यांना एक खरमरीत पत्र लिहाच.

प्रश्न : आम्ही हिंसाप्रतिबंधावर व्याख्यान ठेवतो आहोत. चोरीतून बाहेर पडलेला सोळा वर्षांचा मुलगा व्यासपीठावर बोलायला तयार आहे. बोलवावं का?
— एक आयोजक

उत्तर : नको. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं ४०वं कलम खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाची खासगी बाब जपायला सांगतं. तुम्ही ती ध्वनिक्षेपकावर मांडणार, कुणीतरी चित्रण करणार आणि दहा वर्षांनी नोकरी देणारा ते पाहणार. सोळाव्या वर्षीच्या ‘हो’ला याची कल्पना नसते. शिवाय एका मुलाच्या गोष्टीवरून उपाय लागू पडतो की नाही, हे ठरत नाही.

त्याऐवजी घरभेटी देणाऱ्या एखाद्या परिचारिकेला बोलवा. संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी होत्या. ऐकायला हे कंटाळवाणं आहे, यावर ऑस्कर मिळत नाही. सभागृह अर्धं रिकामं राहील, तेव्हा खुर्च्या कमीच मांडा.